तत्त्वकथेसाठी चित्रे: प्रसंगाच्या निवडीपासून छपाईपर्यंत

तत्त्वविचार सांगणाऱ्या कथेला चित्रे जोडताना एक चूक वारंवार होते. कथा जो प्रश्न वाचकापुढे ठेवणार असते, त्याचे उत्तर चित्र आधीच देऊन टाकते. बीजाची गोष्ट असली की बीजाच्या पोटात इवलेसे झाड चमकू लागते, आत्म्याचा विषय असला की छातीत ज्योत तेवू लागते, आणि काहीच सुचले नाही की मावळत्या सूर्यासमोर पद्मासनात बसलेल्या माणसाची काळी आकृती पानावर येते. अशा चित्रापाशी वाचक थांबत नाही. समजल्यासारखे वाटून तो पान उलटतो आणि ज्या ठिकाणी त्याने अडखळायला हवे होते ते ठिकाण मागे पडते. या चुकीचे मूळ बहुतेक वेळा चित्रकाराच्या हातात नसून कामाच्या क्रमात असते. चित्रे आधी ठरतात आणि कथेतला प्रश्न नंतर शोधला जातो.

पुढील टप्पे एकाच कथेवरून समजावून दिले आहेत, कारण सर्वसाधारण सूचना कागदावर पटतात आणि प्रत्यक्ष कामात निसटतात. कथा आहे छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायातील उद्दालक आणि श्वेतकेतू यांची. बाराव्या वर्षी गुरुगृही गेलेला श्वेतकेतू चोविसाव्या वर्षी सर्व वेद शिकून, ज्ञानाच्या ताठ्यात घरी परततो. वडील त्याला वडाचे फळ आणून फोडायला लावतात, मग त्यातले बी फोडायला लावतात. दुसऱ्या प्रसंगी पाण्यात मीठ टाकून सकाळी परत यायला सांगतात. या कथेची ए-५ आकाराची १६ पानी पुस्तिका करायची आहे असे आपण धरू. इतर आकारांसाठी पानांचे आकडे बदलतील. क्रम मात्र बदलू नये.

१. चित्राचा विचार करण्याआधी कथेतील प्रश्न लिहून काढावा

संहिता पूर्ण वाचून झाल्यावर कथेचा मध्यवर्ती प्रश्न एका वाक्यात लिहावा. ते वाक्य प्रश्नार्थकच असावे. ‘सर्वत्र एकच तत्त्व भरले आहे’ हे वाक्य येथे उपयोगाचे नाही, कारण ते उत्तर आहे, आणि उत्तरावरून चित्र काढायला बसले की ज्योत आणि तेजोवलय यांखेरीज दुसरे काही सुचत नाही. ‘जे डोळ्यांना दिसत नाही ते नाहीच, असे म्हणता येईल का?’ हा प्रश्न उपयोगाचा आहे. त्यात डोळे आहेत, दिसणे आहे, न दिसणे आहे. म्हणजेच चित्राला काम आहे.

प्रश्नाखाली एक रेघ मारून ‘काय दाखवायचे नाही’ याची यादी करावी. आपल्या कथेसाठी ती अशी होईल: बीजातील झाड, पाण्यातील विरघळलेले मीठ, उद्दालकाच्या डोक्यामागील वलय, आकाशातून उतरणारा प्रकाशझोत, आणि ‘तत्त्वमसि’ (‘ते तूच आहेस’) या उद्दालकाच्या वाक्यासाठी कोणतेही चित्र. ही यादी चित्रकाराच्या हाती संहितेबरोबरच द्यावी. नंतर तोंडी सांगितल्यास ती टीका वाटते, आधी लेखी दिल्यास ती कामाची अट ठरते.

*तपासणी:* लिहिलेला प्रश्न कथा न वाचलेल्या व्यक्तीला ऐकवावा. तिने लगेच ‘हो’ किंवा ‘नाही’ असे ठाम उत्तर दिले, तर प्रश्न अजून नेमका सापडलेला नाही.

२. संहितेचे तीन भाग पाडावेत

संहितेची छापील प्रत घेऊन तिच्यावर तीन रंगांच्या पेन्सिलींनी खुणा कराव्यात. जे घडते त्याला एक रंग: फळ आणले, फोडले, भांड्यात हात घालून चाचपले. जो युक्तिवाद आहे त्याला दुसरा रंग: मातीचा एक गोळा जाणला की मातीपासून झालेले सर्व जाणले जाते, हे उद्दालकाचे म्हणणे. जे विधान आहे त्याला तिसरा रंग: ‘तत्त्वमसि’.

चित्रे पहिल्या रंगाच्या ओळींतूनच निवडावीत. युक्तिवादाचे चित्र काढू लागले की मडके, पणती आणि घागर यांची ओळीने मांडणी होते. ती शाळेच्या तक्त्यासारखी दिसते आणि कथेचा ओघ तोडते. दृष्टांत शब्दांतच राहू द्यावा. विधानाला तर चित्र देऊच नये. हा माझा आग्रह काहींना टोकाचा वाटेल, परंतु विधानाशेजारी काढलेले प्रत्येक चित्र त्या विधानाचा एक विशिष्ट अर्थ निश्चित करते, आणि ज्या वाक्याच्या अर्थावर अद्वैतवादी शंकराचार्य आणि द्वैतवादी मध्वाचार्य यांचे एकमत नाही, त्याचा निकाल पुस्तिकेच्या चित्राने लावू नये.

३. उत्तराच्या आधीचा क्षण निवडावा

पहिल्या रंगाच्या ओळींतून आता प्रसंग निवडायचे. येथे नियम असा की कृती पूर्ण झाल्याचा क्षण न घेता ती होत असतानाचा, किंवा प्रश्न विचारला गेल्यानंतरचा क्षण घ्यावा. ‘येथे तुला काय दिसते?’ असे वडील विचारतात तेव्हा श्वेतकेतूची मान खाली तळहाताकडे झुकलेली आहे. हा क्षण चित्राचा. त्याला उमगले आणि त्याचा चेहरा उजळला, हा क्षण चित्राचा नाही. उपनिषदातही तो उजळलेला चेहरा कोठे नाही. तो ‘मला आणखी समजावून सांगा’ एवढेच पुन्हा पुन्हा म्हणतो.

सोळा पानांसाठी सात चित्रे पुरेशी होतात: घरी परतलेला, मान न लवलेला श्वेतकेतू, तळहातावरील अखंड फळ, फोडलेले फळ आणि बारीक बिया, बी फोडल्यानंतरचा तळहात, वटवृक्ष, रात्रीचे पाण्याचे भांडे, सकाळचे तेच भांडे आणि त्यात चाचपणारा हात. पाणी चाखण्याचे चित्र या यादीत मुद्दाम नाही. चव रेखाटता येत नाही. रेखाटायला गेले की तोंड वेडेवाकडे केलेला तरुण उरतो आणि गंभीर प्रसंगाचे हसे होते. वरून, मधून आणि तळातून घेतलेला तो घोट शब्दांकडेच सोपवावा.

झाडाचा प्रश्न येथेच सोडवावा लागतो. झाड दाखवायचे की नाही? दाखवायचे, पण बीजात नव्हे. उद्दालक ‘तेथून फळ घेऊन ये’ असे म्हणतो, त्या अर्थी वड जवळच आहे. म्हणून तळहाताच्या तिन्ही चित्रांत कडेला एखादी पारंबी आणि जमिनीवरची सावली असावी, आणि ‘काहीच दिसत नाही’ या उत्तरानंतर तोच वड समोरासमोरच्या दोन पानांवर पूर्ण यावा, त्याच्या बुंध्याशी पितापुत्र लहान दिसावेत. बीज आणि वृक्ष यांना जोडणारी रेघ वाचकाने स्वतः ओढायची आहे.

*सावधान:* प्रत्येक कथेत अखंड वस्तू दाखवणे असे उपकारक ठरत नाही. आंधळे आणि हत्ती या कथेच्या मुखपृष्ठावर संपूर्ण हत्ती काढला की वाचक आपोआप डोळस राजाच्या जागी जाऊन बसतो आणि आंधळ्यांना हसू लागतो. बौद्ध परंपरेतील उदान या ग्रंथात ही कथा येते. तिथे आंधळ्यांना हत्तीचा कान सुपासारखा, पाय खांबासारखा आणि शेपटाचा गोंडा केरसुणीसारखा भासतो. वाचकाला आंधळ्यांच्या बाजूला ठेवायचे असेल, तर शेवटपर्यंत फक्त कातडीचे पोत, खांब, सूप एवढेच दाखवावे.

४. वस्तूंची माहिती गोळा करावी

अमूर्त विचाराच्या कथेत मूर्त वस्तू अचूक असाव्या लागतात. वस्तू चुकली की वाचकाचे लक्ष चुकीवर जाते, विचारावर राहत नाही. पुढील चार गोष्टी येथे हमखास चुकतात.

पहिली चूक पानाची. वडाच्या नावाखाली लांब शेपटीचे, हृदयाकृती पान काढले जाते. ते पिंपळाचे आहे. वडाचे पान लंबगोल, जाड आणि ठळक शिरांचे असते. त्याची फळे पानांच्या बेचक्यात, देठाविना, बहुधा जोडीने येतात आणि पिकल्यावर लाल होतात. फळ साधारण बोराएवढे असते आणि त्यातील बिया इतक्या बारीक असतात की चित्रात त्या ठिपक्यांहून मोठ्या करू नयेत. मोठ्या केल्या की ‘सूक्ष्म’ हा शब्द खोटा पडतो. शक्य झाल्यास एक पिकलेले फळ नखाने उकलून, तळहातावर ठेवून, खिडकीच्या उजेडात त्याचे छायाचित्र घ्यावे आणि त्यावरून चित्र काढावे.

दुसरी चूक मिठाची. टेबलावरचे पांढरेशुभ्र बारीक मीठ काढू नये, खडेमीठ काढावे. तिसरी भांड्याची: काचेचा पेला घेतला की पाणी आरपार दिसते आणि ‘मीठ दिसत नाही’ हे चित्रच सांगून टाकते. मातीचे किंवा काशाचे रुंद तोंडाचे, अपारदर्शक भांडे घ्यावे, म्हणजे श्वेतकेतूला हात घालून शोधावे लागेल.

चौथी चूक सर्वांत जास्त वेळा होते आणि सर्वांत उशिरा लक्षात येते. मांडणी करणारी व्यक्ती पानाच्या सोयीसाठी चित्र आडवे उलटवते, म्हणजे डावे उजवे करते. जानवे नेहमी डाव्या खांद्यावरून उजव्या काखेखाली जाते. चित्र उलटवले की ते उजव्या खांद्यावर येते, आणि तो अपसव्य पितृकर्मातील आहे. घरात बसून मुलाला शिकवणारे वडील श्राद्धाला बसल्यासारखे दिसू लागतात. संगणकाने तयार केलेल्या चित्रांत तर हा दोष चित्रागणिक बदलत राहतो. अशा चित्रांत खांदा, बोटांची संख्या आणि एकाच व्यक्तीचा चेहरा प्रत्येक चित्रात स्वतंत्रपणे तपासावा.

५. कच्ची रेखाटने आणि डमी

पक्की चित्रे करण्याआधी पुस्तिकेची डमी, म्हणजे नमुना प्रत, हाताने करावी. चार कोरे कागद एकात एक घालून मधोमध घडी घातली की सोळा पाने होतात. काडेपेटीएवढ्या चौकटींत कच्ची रेखाटने करून ती डमीवर डकवावीत आणि संहितेचे उतारे कापून शेजारी चिकटवावेत. संगणकाच्या पडद्यावर हे काम होत नाही, कारण पडद्यावर पुढचे पान हाताने उलटावे लागत नाही, आणि या कथेत पान उलटण्याला अर्थ आहे.

मराठी पुस्तकात विषम क्रमांकाचे पान उजवीकडे येते. म्हणून प्रश्न विषम पानाच्या तळाशी आणि उत्तर पुढच्या सम पानावर घ्यावे. आपल्या पुस्तिकेत मांडणी अशी बसते: पान ३ वर घरी परतलेला श्वेतकेतू, ४ आणि ५ वर केवळ संवाद, ६ वर अखंड फळ, ७ वर फोडलेले फळ आणि तळाशी ‘आता यातले एक बी फोड. काय दिसते?’ ही ओळ. पान उलटल्यावर ८ वर तळहात आणि ‘काहीच दिसत नाही’; ९ वर वडिलांचे बोलणे. पुन्हा पान उलटल्यावर १० आणि ११ वर वटवृक्ष. १२ वर रात्रीचे भांडे. १३ वर ‘रात्री टाकलेले मीठ घेऊन ये’. १४ वर सकाळचे भांडे. १५ वर घोट, उपदेश आणि विधान, केवळ शब्दांत.

१२ आणि १४ ही दोन्ही डावी पाने आहेत. भांडे दोन्ही पानांवर त्याच जागी, त्याच आकाराचे आणि त्याच कोनातून असावे. बदलावे ते फक्त तीन घटक: उजेड, मिठाचा खडा आणि हात. पान उलटताना भांडे जागचे हलले नाही, तरच खडा नाहीसा झाल्याचे वाचकाला जाणवते. भांड्याचे चित्र एकदाच पूर्ण करून त्याची प्रत घ्यावी आणि प्रतीवर उजेड बदलावा. दुसऱ्यांदा नव्याने काढू नये.

हीच पद्धत अंधारात दोरीच साप भासते, या दृष्टांतालाही लागू पडते, आणि तेथे क्रम अधिकच महत्त्वाचा आहे. बहुतेक जण आधी साप काढतात, त्याला फणा आणि डोळे देतात, आणि पुढच्या चित्रात निराळ्याच वळणांची दोरी ठेवतात. वाचक म्हणतो की साप निघून गेला आणि कोणीतरी दोरी आणून टाकली. भ्रमाचा मुद्दाच नष्ट होतो. म्हणून आधी दिव्याच्या उजेडातील दोरी काढावी, तिच्या वेटोळ्यांची प्रत घ्यावी आणि त्या प्रतीवर अंधार चढवत न्यावा. पीळ दिसेनासा झाला, कड तेवढी उरली, की थांबावे. साप वेगळा काढावाच लागत नाही. तो पाहणाऱ्याच्या मागे घेतलेल्या पावलात दिसतो.

*तपासणी:* डमीतील सर्व मजकूर कोऱ्या पट्ट्यांनी झाकून फक्त चित्रे क्रमाने पाहावीत. कथेचा निष्कर्ष चित्रांवरूनच समजला, तर चित्रे जास्त बोलत आहेत. मग चित्रे झाकून मजकूर वाचावा. एखादे चित्र नसल्याने काहीही कमी वाटले नाही, तर ते चित्र काढून टाकावे.

६. रिकाम्या तळहाताचे चित्र

या एका चित्रावर अधिक वेळ द्यावा, कारण ‘काही नाही’ हे दाखवणे सर्वांत अवघड काम आहे. बाराव्या शतकातील चिनी गुरू कुओआन यांच्या बैल शोधणाऱ्या गुराख्याच्या दहा चित्रांच्या मालिकेत आठवे चित्र म्हणजे फक्त एक रिकामे वर्तुळ आहे. ते परिणाम करते, कारण आधीच्या चित्रांत त्याच वर्तुळात गुराखी आणि बैल आपण पाहिलेले असतात. पहिल्याच पानावर ते ठेवले असते तर छपाईचा दोष वाटला असता.

म्हणून पान ६, ७ आणि ८ वरील तळहात एकच असावा: तोच कोन, त्याच रेषा, अंगठ्याची तीच ठेवण. ६ वर फळ, ७ वर फळाची शकले आणि बिया, ८ वर बोटाला लागलेला थोडा ओलसर डाग. पूर्ण स्वच्छ तळहात दाखवला तर फळ कोठे गेले असा गैरलागू प्रश्न उभा राहतो. डाग ठेवला की फोडण्याची कृती घडून गेल्याचे कळते आणि तरी पाहण्यासारखे काही उरलेले नसते. कडेची पारंबी आणि सावली सोडल्यास या चित्राला पार्श्वभूमीची सजावट, किरणे किंवा फिकट ॐ देऊ नये.

७. चित्रओळी

या पुस्तिकेत चित्रओळी बहुतेक नकोतच. द्यायच्या असतील तर त्यांत केवळ वस्तूचे नाव असावे: ‘वडाचे फळ’. ‘सूक्ष्मातून विराटाकडे’ अशी ओळ वृक्षाच्या चित्राखाली आली की तोवर केलेली सारी मेहनत फुकट जाते. मजकूर चित्रावर छापणेही टाळावे. पारंब्यांच्या रेषांमध्ये काना, मात्रा आणि रफार हरवतात.

पुस्तिका पडद्यावरही वाचली जाणार असेल, तर दृष्टिहीन वाचकांसाठी प्रत्येक चित्राचे लेखी वर्णन जोडावे आणि तेथेही हाच संयम ठेवावा. ‘उघडा तळहात, बोटावर ओलसर डाग’ हे वर्णन योग्य; ‘बीजातील अदृश्य तत्त्वाचे दर्शन’ हे अयोग्य, कारण डोळस वाचकाला जे उत्तर दिले नाही ते दृष्टिहीन वाचकालाही आधी मिळता कामा नये.

८. वाचन करून पाहावे

डमी घेऊन चार-पाच जणांसमोर मोठ्याने वाचन करावे. त्यांत किमान एक लहान मूल आणि एक उपनिषदांशी परिचित व्यक्ती असावी. चित्र आवडले का, असे विचारू नये; लोक आवडले असेच सांगतात. पान ७ वर थांबून ‘पुढे काय असेल?’ एवढेच विचारावे आणि उत्तरे शब्दशः लिहून घ्यावीत. सर्वांनी ‘आत छोटे झाड असेल’ असे सांगितले, तर घाबरू नये. ती अपेक्षा निर्माण होणे आणि पान ८ वर ती मोडणे, हेच या मांडणीचे काम आहे.

कथा समोर बसलेल्या श्रोत्यांना तोंडी सांगायची असेल, तर सिंधुदुर्गातील पिंगुळीच्या चित्रकथींची रीत लक्षात घ्यावी: कथन आणि गायन चालू असताना श्रोत्यांसमोर एका वेळी एकच चित्र असते. प्रोजेक्टरवर दाखवतानाही एका पडद्यावर एकच चित्र ठेवावे, प्रश्न विचारून झाल्यावर थोडे थांबावे आणि मगच पुढचे चित्र आणावे. चित्र आधी आणि वाक्य नंतर असे झाले की श्रोते ऐकणे सोडून चित्रच वाचू लागतात.

९. हक्क, श्रेय आणि छपाई

तयार चित्र वापरायचे असल्यास त्याचा हक्क तपासावा. भारतीय कायद्यानुसार चित्रकाराच्या हयातीत, आणि त्याच्या मृत्यूच्या पुढील कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षांपर्यंत चित्रावर हक्क असतो. छायाचित्राच्या बाबतीत ही ६० वर्षे पूर्वी प्रसिद्धीच्या पुढील वर्षापासून मोजली जात; २०१२ च्या दुरुस्तीपासून छायाचित्रालाही चित्राचाच नियम लागू आहे. इंटरनेटवर सापडले म्हणून ते मोफत आहे असे धरू नये. नव्याने काढून घेतलेल्या चित्रांसाठी मानधन, वापराची व्याप्ती आणि मूळ चित्र कोणाकडे राहील, हे कामाआधी लिहून घ्यावे. पान २ वर चित्रकाराचे नाव लेखकाच्या नावाएवढ्याच अक्षरात द्यावे.

छपाईसाठी चित्रे प्रत्यक्ष आकाराला ३०० डीपीआय (दर इंचाला ३०० ठिपके) असावीत. ए-५ चे पूर्ण पान म्हणजे १७४८ × २४८० पिक्सेल. चित्र पानाच्या कडेपर्यंत जात असल्यास चारही बाजूंना ३ मिलिमीटर जादा भाग ठेवावा. वटवृक्षाच्या चित्रात पितापुत्र पानांच्या मधल्या घडीत येणार नाहीत, हे डमीवर पुन्हा पाहावे. फाइल देताना देवनागरी अक्षरे फुटू नयेत म्हणून फॉन्ट पीडीएफमध्ये समाविष्ट करावेत.

कागदी प्रूफ मागवून जानवे, १२ आणि १४ वरील भांड्याची जागा, आणि ८ वरील डाग छपाईत उडाला आहे का, हे तीन मुद्दे आधी तपासावेत. पान १५ वर चित्र नाही आणि खालचा अर्धा भाग मोकळा आहे, हे हेतुपुरस्सर असल्याचे मुद्रकाला लेखी कळवावे. अन्यथा मोकळी जागा भरण्यासाठी तेथे समईचे किंवा कमळाचे तयार चित्र बसवले जाण्याची शक्यता असते.